दाखवला डाळिंबी, दिला वांगी

२२ जुलै २०२३, शनिवार

दिवस वाया! आणि कशासाठी, तर गालिचा! आप्पासाहेबांनी (आमच्या सूनबाईंचे, म्हणजे शेफालीचे वडील, वारज्याचे) अधिक महिन्यात जावयाला वाण म्हणून रेशमी गालिचा द्यायचं ठरवलंय. लोक अनारसे देतात. फारच हौस असली तर चांदीचं ताम्हन देतात. ह्यांना गालिचा सुचला. "केदाररावांच्या हॉलात कायतरी भारी पायजे." केदाररावांचा हॉल! शनिवार पेठेतला तिसऱ्या मजल्यावरचा बोळ आहे तो. त्यात टीव्ही, दोन खुर्च्या, एक दिवाण आणि आता हे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे आधी अंथरूण येणार, मग आम्ही आमचे पाय कुठे ठेवायचे ते बघणार.

प्रदर्शनाला मलाही नेलं. शेफाली म्हणते, "आई, तुम्हाला कापडातलं कळतं, तुम्हीच सिलेक्ट करा." लोणी! पण कळतं हे खरंच. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलंय. रेशीम कुठलं आणि रेशमाचं सोंग कुठलं, ते डोळे मिटून बोटांनी सांगेन.

विकणारा काश्मिरी मुलगा, गोड बोलणारा. मला खुर्ची दिली, केशराचं काहीतरी गरम प्यायला दिलं. एकेक उलगडत गेला. निळा होता, तो अंगावर आला. पिस्त्याच्या रंगाचा होता, तो शेवाळल्यासारखा. शेफालीचा जीव क्रीमवर! "आई, काय क्लासी आहे!" क्रीम! घरात हळद, तेल, आणि आमचे हे बशीतून चहा पिणारे. म्हटलं, क्रीम तोंडाला लावायचं, जमिनीला नाही.

मग तो दिसला. डाळिंबी. नुकतं सोललेलं डाळिंब असतं ना, अगदी तो. उलटा करून पाहिला. गाठी बारीक, नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ. बोट फिरवलं, रेशीमच. "हा," म्हटलं. शेफालीचं तोंड एवढंसं झालं, पण मान डोलावली. तेवढ्यात तो मुलगा दोन टोकं धरून गालिचा गरागरा फिरवायला लागला. "मॅडम, इधर से देखिए, उधर से भी…" म्हटलं, नाचवू नका हो. जो खपत नाही तो माल नाचवतात. मला समजतं. गप्प गुंडाळून ठेवला बिचाऱ्यानं.

हे घरीच राहिले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त. सुटले.

२५ जुलै, मंगळवार

शेफालीनं क्रीम गालिच्याचा फोटो मोबाईलवर ठेवलाय. ठेव बाई. फोटोला डाग पडत नाहीत.

६ ऑगस्ट, रविवार

वारज्याला धोंड्याचं जेवण. आप्पासाहेबांचा बंगला म्हणजे काय, आमची अख्खी सोसायटी आत बसेल आणि वर चपला काढायला जागा उरेल. पूर्वी तिथे शेत होतं म्हणे. आता शेताच्या जागी इमारती आहेत आणि शेतकऱ्याच्या जागी आप्पासाहेब.

दारातून आत पाऊल टाकलं तर समोर काय? डाळिंबी गालिचा! माझा! मी निवडलेला! ऐसपैस पसरलेला! मी बघतच राहिले. आप्पासाहेब म्हणाले, "ताई, तुमची पसंत आमालाबी आवडली. जोडीच व्हती त्येच्याकडं. एक तुमाला, एक आमाला. तुमचा गाडीत ठिवलाय, उद्या डायवर आणून घालंल."

धोंडे चांगले होते. पुरण मऊ, तूप घरचं. तिथे काही बोलले नाही. इथे लिहायला हरकत नाही.

जेवताना नेहमीचं पालुपद आलंच. "पोरांसाठी हितं वरचा मजला रिकामाच हाय." हसत हसत म्हणतात. दर वेळी म्हणतात. केदार दर वेळी ताटाकडे बघतो. मला ठाऊक आहे ही सगळी पेरणी कशाची आहे ती. आधी फ्रीज, मग एसी, आता गालिचा, आणि शेवटी मुलगा! एकुलता एक आहे माझा. तो गेला तर आम्ही दोघं समोरासमोर बसून काय करायचं? भिंतीवरचं घड्याळ ऐकायचं? मला नाही जमणार ते. नाहीच जमणार.

७ ऑगस्ट, सोमवार

फसवलं!!

ड्रायव्हरनं गालिचा आणून घातला. एका कोपऱ्याला खालून विक्रेत्याची पांढरी पट्टी शिवलेली आहे, जरा बाहेर डोकावते. म्हटलं, तो कोपरा माझ्या खुर्चीखाली घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला जाहिरात कशाला? घातला त्यानं. गेला. मी हात पुसले, स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि पाहिलं.

वांगी! डाळिंबी नाही. वांगी! भरताला आणतो ना, तसल्या वांग्याचा रंग. काळपट, जांभळट, रडका.

केदारला बोलावलं. "आई, लाईटिंगचा फरक असेल गं." शाळेत असल्यापासून ह्याचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: फरक असेल. हे पलीकडच्या टोकाला, गॅलरीपाशी, आपल्या खुर्चीत पेपर वाचत होते. विचारलं तर मान वर करून म्हणतात, "माझ्याकडून तर डाळिंबी दिसतोय." दिसणारच. नवीन भिंग बसवल्यापासून ह्यांना सगळंच सुंदर दिसतं. परवा दुधीची भाजीसुद्धा सुंदर दिसली.

८ ऑगस्ट, मंगळवार

गालिच्याच्या दशांमधला एक धागा ओढून काढला आणि गॅसवर धरला. केस जळल्याचा वास, राख चुरगळणारी. रेशीम खरं आहे. म्हणजे माल खरा, रंग खोटा.

आता सगळं लख्ख दिसतं. जोडी म्हणे! जोडीत एक गोरा, एक काळा निघाला असणार. गोरा ठेवला बंगल्यात, काळा पाठवला पेठेत. पूर्वी मुली दाखवताना करायचे हे. दाखवायची धाकटी आणि बोहल्यावर उभी करायची थोरली. दाखवला डाळिंबी, दिला वांगी!

१४ ऑगस्ट, सोमवार

शेफालीचे नियम. गालिच्यावर पाणी नाही. ऊन नाही. व्हॅक्यूमचा ब्रश नाही. मऊ झाडूनं आणि एकाच दिशेनं झाडायचा. कामाच्या इंदुबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दिशा बघून झाडायला मी काय वास्तूवाली हाय का?" पहिल्यांदा मला इंदुबाईंचा अभिमान वाटला. वर दर सहा महिन्यांनी, निदान दिवाळीत तरी, गालिचा फिरवायचा म्हणे. "ऊन एकाच साइडला लागतं ना आई, रंग सारखा राहत नाही." माझ्या मुलाला बोटावर फिरवतेस तेवढं पुरे, गालिचा राहू दे.

मी त्याच्यावर जुना पलंगपोस घालते. ती काढते. "आई, सिल्कला श्वास घेता आला पाहिजे." माझा लग्नातला शालू इतकी वर्षं पेटीत आहे. अजून तरी गुदमरला नाही! सकाळी मी घालते, ऑफिसमधून आली की ती काढते. बोलत कुणीच नाही. पलंगपोसच काय ते बोलतो.

२० ऑगस्ट, रविवार

ह्यांनी चहा सांडला. होणारच होतं! बशी तिरकी झाली आणि नक्षीतल्या फुलाच्या मधोमध चहा. मी रिठ्याचं पाणी घेऊन धावले. रेशमाला रिठ्यासारखं औषध नाही. सोवळ्याचा मुकटा, पैठणी, सगळं रिठ्यानंच धुतलंय मी. तर शेफालीनं माझा हात धरला! "आई, नको! रंग उतरेल!" आणि पांढरं फडकं घेऊन टिपत बसली. घासायचं नाही, नुसतं दाबायचं. दाबतेय, उचलतेय, दाबतेय. डाग गेला. गेला तर गेला. पण माझा हात धरला, माझ्याच घरात! बोटांची पकड अजून जाणवतेय मनगटावर.

केदार म्हणतो, "आई, तिनं वाचवला गालिचा." वाचवला म्हणे. वांगं वाचवलं.

२१ ऑगस्ट, सोमवार

केदारनं आज डबा नेला नाही. नको नेऊ.

२ सप्टेंबर, शनिवार

श्रद्धा आली होती, माझी जुनी विद्यार्थिनी. आता नारायण पेठेत ब्लाउज शिवते, पाटीवर 'फॅशन डिझायनर' असं लिहून. मखमलीचा ब्लाउज घेऊन आलेली, रडकुंडीला. "बाई, गिऱ्हाईक म्हणतंय मी एका बाहीला दुसरंच कापड लावलं. शपथ घेते, एकाच ताग्यातलं आहे!" मी दुरूनच पाहिलं. एक बाही उजळ, एक काळपट. हसूच आलं मला. म्हटलं, बाई गं, कापड एकच आहे, पण लव उलटी लावलीस! मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला की झोपते, खालून वर फिरवला की उभी राहते. एका बाजूनं उजळ दिसते, दुसऱ्या बाजूनं गडद. सगळे तुकडे एका दिशेनं कापायचे, पहिल्याच वर्षाला शिकवलं होतं! आणि तू मात्र बिचाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत बसलीस. काखेत कळसा नि गावाला वळसा.

ओशाळली. चहा न घेताच गेली. जाऊ दे. शिकलेलं डोक्यात ठेवायचं असतं, पाटीवर नाही.

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

५ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी भाजी घेऊन आले. दार उघडलं आणि क्षणभर… डाळिंबी! पिशवी तशीच हातात. मग लक्षात आलं, गॅलरीतून उतरतीचं ऊन आलं होतं. उन्हात काय, इंदुबाईंची कळकट साडीसुद्धा भरजरी दिसते. आत जाऊन भाजी ठेवली, खुर्चीत बसले. वांगी. आहेच.

तोंडातून गेलं, "रंग काही बदलत नाही लोकांचे." शेफाली तिकडे दाराशी उभी होती. म्हणाली, "आई, प्लीज, एकदा माझ्या बाजूनं बघा की!"

ऐका! हिच्या बाजूनं! म्हणजे आता मी उठायचं आणि सुनेच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. केदार आहेच हिच्या बाजूनं. आमचे हे तर जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं. आता मीच तेवढी राहिले होते माझ्या बाजूला, तर मलाही बोलावणं! म्हटलं, "मला बाजू बदलायची सवय नाही. मी आहे तिथून मला स्वच्छ दिसतं."

तिचे डोळे भरून आलेले दिसले. रडायचं असतं तिनं, आणि वाईट ठरायचं असतं मी.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

गौरी जेवल्या. आणि मी बोलले. बोललेच!

आप्पासाहेब सहकुटुंब आले होते. पुरणपोळी झाली, सोळा भाज्या झाल्या, विडे झाले. दिवाणावर बसून आप्पासाहेब गालिच्यावर हात फिरवत म्हणाले, "ताई, शोभतोय बरं का तुमच्यात." शोभतोय! डोक्यात तिडीक गेली. सगळ्यांसमोर म्हटलं, "शोभतो हो. पण दाखवला डाळिंबी आणि दिला वांगी. चांगला तो तुमच्या बंगल्यात राहिला. आमच्यासारख्यांना चालतं म्हणा काळंबेरं."

हे विड्यातली सुपारी शोधत बसले. आप्पासाहेबांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. हळूच म्हणाले, "ताई, आमी रांगडी मानसं, पण दिलेल्यात हात घालत नाय. तुमाला त्यो पायजे तर त्यो घ्या. उद्या सकाळच्याला डायवर आणतो, ह्यो नेतो. ईषय संपला."

संपला काय? कबूलच केलं की त्यांनी! नाहीतर बदलून द्यायला कोण तयार होतं?

शेफाली स्वयंपाकघरात भांडी घासत होती. इंदुबाई असताना.

२३ सप्टेंबर, शनिवार

मला खेड्यातली समजू नये कुणी. गाडी यायच्या आधी गालिच्याच्या मागे, पट्टीशेजारी, लाल दोऱ्यानं फुली घातली. टाके असे बारीक की दुसऱ्याला दिसायचे नाहीत. म्हणजे तोच फिरून परत आला तर कळेल.

ड्रायव्हर आला. जुना गुंडाळून नेला, तासाभरानं दुसरा आणला. ह्यालाही तशीच पट्टी, त्याच कोपऱ्याला. म्हटलं, पट्टी माझ्या खुर्चीखाली, पहिल्यासारखी. घातला. मी बसले.

वांगी!!!

कोपरा उचलून फुली शोधली. नाही. टाका उसवला की भोक राहतं. भोकही नाही. म्हणजे चांगलाच कारागीर गाठला असेल उसवायला! तासाभरात! पैसा असला की काय होत नाही? तोच परत पाठवला, फुली काढून! मी तिथल्या तिथे आप्पासाहेबांना फोन लावला आणि सांगितलं, "तोच परत पाठवलात. एकदा फसवलंत ते फसवलंत, दोनदा कशाला?"

म्हणाले, "ताई, तुमच्याफुडं हात जोडले." फोन ठेवला.

मागे वळून पाहिलं तर शेफाली. सगळं ऐकलेलं.

२४ सप्टेंबर, रविवार

ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण बोलत नाही. आता पलंगपोसही काढत नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

गेले.

चार बॅगा, केदारचा लॅपटॉप, आणि कपाटातली तिची पुस्तकं. गाशा गुंडाळला! इतक्या दिवसांची पेरणी, आज पीक आलं. वरचा मजला भरला आप्पासाहेबांचा.

केदार दारात थांबून म्हणाला, "आई, विषय गालिच्याचा नाहीये. तू तिच्या बाबांना चोर म्हणालीस. दोनदा." मी म्हटलं, "मग त्यांनी दोनदा तसं वागायला नको होतं." तो म्हणाला, "बघ." एवढंच. बघ. काय बघ? बघतेच आहे मी! ऑगस्टपासून बघतेय, म्हणून तर बोलले!

शेफाली मात्र वाकली पाया पडायला. मी गालिच्यावर उभी होते. तिनं आधी गालिच्याची मुडपलेली कड हातानं सरळ केली, मग नमस्कार केला. शेवटपर्यंत गालिचाच! आशीर्वाद दिला की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही.

हे लिफ्टपर्यंत बॅग घेऊन गेले. परत आल्यावर गॅलरीपाशी जाऊन बसले.

९ ऑक्टोबर, सोमवार

चौघांचाच कुकर लावला. सवयीनं. उरलेला भात इंदुबाईंना दिला. त्या म्हणाल्या, "बाई, कमी टाका की आता." नको तिथे अक्कल!

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

केदार सोनं द्यायला आला. एकटाच. चपला काढून आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडला. श्रीखंड खाल्लं, पुरी एकच. "शेफाली?" म्हटलं. "तिला बरं नाहीये." खोटं बोलता येत नाही ह्याला, लहानपणापासून नाही. कान लाल होतात. "आई, तू एक फोन कर ना तिला." मी का करू? मी काय चुकीचं बोलले? गालिचा समोर पसरलाय, आंधळ्यालाही दिसेल.

हे म्हणाले, "मला तर डाळिंबीच दिसतो." केदार हसला. पहिल्यांदा हसला. मग दोघं गॅलरीत जाऊन हळू बोलत बसले. माझ्याबद्दलच असणार.

त्याच्या शर्टाची इस्त्री कडक होती. तिकडे नोकर आहेत.

८ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी तोंडावर आली. चकलीची भाजणी झाली, अनारशाचं पीठ झालं. कुणासाठी, ते विचारू नये.

गालिच्यावर पलंगपोस घालायचं सोडलंय. काढणारंच कुणी नाही, तर घालण्यात काय राम? दिवसभर वांगी पसरलेला असतो समोर. मी इकडे, हे तिकडे, मधे ते. घड्याळ ऐकू येतं.

राग राग येतो मला. त्या पोरीचा येतो, तिच्या बापाचा येतो, तिच्यामागे गेलेल्या आमच्या बैलाचा येतो, आणि सगळ्यात जास्त ह्या चिंधीचा येतो. हो, चिंधीच. मीच निवडलेली.

११ नोव्हेंबर, शनिवार

मी म्हणत होते! मी म्हणतच होते!!

पणत्या आणि लक्ष्मीचं चित्र आणायला मंडईत गेले होते. गर्दीत चांगलाच वेळ गेला. आले, मागच्या जिन्यानं, पाठीमागच्या दारानं सरळ स्वयंपाकघरात. पाणी प्यायले, येऊन खुर्चीत बसले. आणि समोर… डाळिंबी! ऊन नाही, आभाळ भरलेलं, दिवा लावलेला नाही, तरी डाळिंबी! त्या दिवशी प्रदर्शनात होता तो, अगदी तोच. नुकतं सोललेलं डाळिंब!

खाली वाकून खुर्चीखालचा कोपरा उचलला. पट्टी नाही! म्हणजे गालिचाच वेगळा! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी घरात नाही असं बघून ड्रायव्हरला पाठवलं, खरा आणून घातला, खोटा नेला. सणाच्या तोंडावर पाप सलायला लागलं असणार. पण पुढच्या दारानं यायची हिंमत नाही झाली!

हे वाचनालयात गेलेले. असू देत. ह्यांना विचारून काय मिळणार? उद्या लक्ष्मीपूजन. सकाळी सकाळीच आप्पासाहेबांना फोन लावणार आहे. काय काय म्हणायचं ते सगळं ठरवलंय. आधी शुभ दीपावली म्हणणार. मग विचारणार, "कसा काय बदलला रंग?" केदारलाही ऐकवणार. त्या मुलीला तर समोर उभं करून ऐकवणार, आता बघ म्हणावं माझ्या बाजूनं!

किती दिवसांनी मला भूक लागलीय.

१२ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

फोन हातात घेतला, नंबर काढला. तेवढ्यात हे आपल्या खुर्चीतून म्हणाले, "परवा शेफालीचा फोन आला होता. दिवाळीत गालिचा फिरवून घ्या म्हणाली, गॅलरीकडून ऊन लागतं. काल तू मंडईत गेलीस तेव्हा इंदुबाईंना घेऊन फिरवला. आता डाळिंबी तुझ्याकडे, वांगी माझ्याकडे. चालेल मला."

उठले. हॉल ओलांडून ह्यांच्याजवळ गेले. ह्यांना उठवून ह्यांच्या खुर्चीत बसले.

वांगी.

खाली वाकून गालिच्यावरून हात फिरवला. इकडून झोपला, तिकडून उभा राहिला. लव!

श्रद्धाला हसले होते मी.

मग ह्यांना विचारलं, वारज्याची बस मनपावरून मिळते का हो, की डेक्कनवर जावं लागतं? हे म्हणाले, "ते शेफालीला विचार. फोन तुझ्या हातातच आहे."